अंतराळयानाची खुर्ची, मु. पो. पौड

मराठी माणूस खुर्ची मागतो, मिळवतो, बळकावतो, उबवतो, वेळ पडली तर दुसऱ्याच्या बुडाखालून ओढून घेतो. पण स्वतःच्या हातांनी बनवत नाही. त्यामुळे अंगणात करवत घेऊन कुणी खुर्ची करायला बसलं, की येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यात राजकारण दिसतं. पौडसारख्या तालुक्याच्या गावी तर दिसतंच दिसतं. "काय साहेब, यंदा उभं ऱ्हानार म्हनं?" असं कुंपणापाशी थांबून लोकांनी मला विचारलं. उभं नाही, बसायचंच आहे, हे माझं उत्तर त्यांनी मुरब्बी माणसाचं उत्तर म्हणून ऐकून घेतलं आणि मान हलवत ते पुढे गेले.

आपल्याकडे स्वतःची बैठक स्वतः तयार करणारा थोर पुरुष एकच, तो म्हणजे अंगद. रावणाच्या दरबारात शिष्टाईला गेला, कुणी 'बस' म्हणेना, तेव्हा त्याने शेपटीचं वेटोळं घातलं आणि रावणापेक्षा उंच आसन करून त्यावर बसला. कारागिराला आगाऊ रक्कम दिली नाही, बाजारातून काही आणलं नाही, सगळं सामान अंगचंच. काही कीर्तनकार ही गोष्ट मारुतीच्या नावावरही खपवतात, पण त्याने आसनाच्या उंचीत फरक पडत नाही. दुसरी मोठी खुर्ची विक्रमादित्याची. तिला बत्तीस पुतळ्या. भोजराजा चढायला गेला, की एकेक पुतळी त्याला अडवायची, विक्रमाच्या औदार्याची गोष्ट सांगायची आणि विचारायची, "आहे का हे तुझ्यात?" बसणाऱ्याची ओळख तोंडी पटवून घेणारी आणि लायकी नसेल त्याला चढूच न देणारी ही खुर्ची आपल्या बापजाद्यांनी गोष्टीत बनवून ठेवली होती. आज अशी एखादी मंत्रालयात बसवायची म्हटली, तर निविदा भरायला कुणी पुढे येणार नाही.

आमच्या खुर्चीला मात्र पुतळ्या नव्हत्या. तिला दिवे होते. ती अंतराळयानाच्या कप्तानाची खुर्ची होती आणि कल्पना माझी नव्हे, माझ्या भाच्याची.

भाचा हिंजवडीला संगणकावर काम करतो. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते हे तिथे काम करणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसतं. त्यांना वाटतं आपण पुण्यात आहोत, आणि पुणेकरांना वाटतं ते परदेशात आहेत. आठवडाभर तो एका खुर्चीत बसतो आणि सुटी मिळाली, की आमच्याकडे येऊन दुसऱ्या खुर्चीत बसतो. एका रविवारी तो म्हणाला, "मामा, आपण कॅप्टन कर्कची खुर्ची बनवूया का?" मामीने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण कर्क? राशीचा का?"

कर्क म्हणजे 'स्टार ट्रेक'चा. ही अमेरिकन मालिका १९६६ ते १९६९ अशी तीनच वर्षं चालली. आमच्याकडे ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आली. रविवारी सकाळी रामायणाने पाटावर बसवण्याआधी काही काळ याच लोकांनी आम्हाला सतरंजीवर बसवलं होतं. गोष्टीतलं निम्मं कळत नसे, पण खुर्ची कळे. यानाच्या मधोमध, थोड्या उंचावर, चहूकडे फिरणारी, दोन्ही हातांखाली रुंद खोकी आणि त्यांवर बटणं. आमच्या घरी तेव्हा घडीच्या दोन लोखंडी खुर्च्या होत्या. त्यांचं बटण म्हणजे बोट चिमटणारी कडी.

खरं सांगायचं तर बटणाच्या खुर्चीची पहिली ओळख आपल्या पिढीला करून दिली ती हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी. १९८० च्या 'शान'मधला शाकाल, १९८७ चा मोगँबो, ही मंडळी खुर्चीतून उठून काही करताना दिसलीच नाहीत. बटण दाबलं की जमीन सरके, खाली पाणी असे आणि पाण्यात दात असलेलं काहीतरी असे. त्यामुळे बटणाच्या खुर्चीत बसलेला माणूस सज्जन असू शकतो हे पचवायला आम्हाला वेळ लागला. कर्क हा मी पाहिलेला पहिला असा माणूस, जो बटण दाबून आपल्याच हाताखालच्यांना बुडवत नव्हता.

भाच्याने मोबाइलवर इतरही नमुने दाखवले. कुब्रिकच्या १९६८ च्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'त अंतराळस्थानकावर लालभडक, लवलेल्या खुर्च्या आहेत, त्या ऑलिव्हिए मुर्ग नावाच्या फ्रेंच कलाकाराच्या. त्या सिनेमासाठी केलेल्या नव्हेत, आधीपासून विकायला होत्या. मग फिनलंडच्या एरो आर्निओचा १९६३ चा तो प्रसिद्ध गोळा, पुढून कापलेला आणि आत गादी असलेला. मामीने तो लक्ष देऊन पाहिला. "छान आहे," ती म्हणाली, "पण यात बसलेला माणूस बाजूने दिसतच नाही. तुम्ही आत आहात की नाही हे बघायला मला दर वेळी समोर यावं लागेल." गोळा बाद झाला.

कर्कचीच ठरली, याचं आणखी एक कारण होतं. ती खुर्ची मुळात सुतारकाम आहे. मालिकेचे कलादिग्दर्शक मॅट जेफरीज. यानाचं रूपही त्यांच्याच डोक्यातून निघालेलं. त्यांच्या मंडळींनी बाजारात मिळणारी कचेरीची तयार खुर्ची आणली, तिच्या बारीक हातांवर लाकडी खोकी चढवली, मागे फळ्या ठोकल्या, सगळं राखाडी रंगवलं आणि एका चौथऱ्यावर बसवलं. झालं बावीस-तेविसाव्या शतकातलं आसन. हीच वस्तू २००२ साली लिलावात अडीच लाख डॉलरच्या वर गेली. हे ऐकल्यावर आमच्या गावच्या सुतारांनी, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, हातातली पेन्सिल कानावर ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "प्लायच व्हता ना त्यो?"

जुन्या विज्ञानपटांचं हे गुपित मला फार आवडतं. त्यांच्यातला भविष्यकाळ कुणीतरी आदल्या दिवशी दुकानातून आणलेला असतो. 'स्टार ट्रेक'मधले आपोआप सरकणारे दरवाजे पडद्यामागे उभी असलेली माणसं दोरीने ओढत. दरवाजा वेळेवर उघडला नाही, की कप्तान त्यावर आपटे. एका भागासाठी निरनिराळ्या आकारांच्या मिठाच्या डब्या आणल्या होत्या; त्या मिठाच्या वाटल्या नाहीत म्हणून मालिकेतल्या डॉक्टरने पुढे त्या शस्त्रक्रियेची हत्यारं म्हणून वापरल्या. ही हकीकत मी जेवताना सांगितली आणि रात्री पाहिलं तर मामीने मिठाची बरणी, चहाची गाळणी आणि पुरणयंत्र वरच्या फळीवर नेऊन ठेवलं होतं.

एच. जी. वेल्सचं 'टाइम मशीन' १८९५ चं. त्यावर १९६० साली सिनेमा निघाला. त्यातल्या यंत्राला मागे मोठी गोल तबकडी आहे, पुढे दांडा आहे, आणि मधे लाल गादीची खुर्ची आहे ती चक्क न्हाव्याच्या दुकानातली. त्या लोकांना ही कल्पना कशी सुचली असेल याचं कोडं मला तरी पडत नाही. आमच्या इथल्या सलूनमध्ये तशीच एक जुनी, ओतीव लोखंडाची खुर्ची आहे. बाजूला दट्ट्या, मान टेकायला फळी, समोर आरसा. तिथे शनिवारी दुपारी गावातली साठीची माणसं एकामागून एक चढतात, कलप लावून घेतात आणि पंधरा वर्षं मागे जाऊन उतरतात. परतीचा प्रवास मात्र सावकाश, मुळापासून सुरू होतो आणि त्याचं भाडं पुन्हा वेगळं.

सामान गोळा करण्यात जी मजा होती ती पुढे बनवण्यातही आली नाही. बैठकीसाठी हिंजवडीची टाकलेली खुर्ची मिळाली. तिथल्या कचेऱ्या जागा बदलतात, तेव्हा खुर्च्या ढिगाने भंगारात निघतात आणि हमरस्त्याच्या कडेने उन्हात मांडून ठेवलेल्या दिसतात. रस्त्याकडे तोंड करून त्या अशा बसतात, जणू बैठक संपली आहे पण उठायला कुणी सांगितलेलं नाही. भंगारवाल्याने आम्हाला एकेक बसवून दाखवली. प्रत्येकीला तिच्या जुन्या धन्याची खोड लागलेली. एक डावीकडे कलणारी, एक मागे रेलली की रेललेलीच राहणारी, एक बसल्याबरोबर हळूहळू खाली जाणारी. भाच्याने सांगितलं, की या खुर्च्यांच्या दांडीत नायट्रोजन वायू दाबून भरलेला असतो; तो सुटला, की खुर्ची खचते. भंगारवाला म्हणाला, "मॅनेजरची हाय ती. शेवटाला समद्याच खाली येत्यात." आम्ही डावीकडे कलणारी घेतली. तिचा एक बोल्टच ढिला होता, विचारसरणी नव्हे.

विजेच्या सामानासाठी बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत गेलो. पुण्यात तापकीर गल्ली नसती, तर इंजिनिअरिंगच्या कित्येक मुलांचे प्रकल्प वहीतच राहिले असते. बोळ एवढासा, दुकानं त्याहून लहान, आणि दुकानदार असा, की तुम्ही 'ते लाल-निळं बदलणारं' एवढं म्हणता तोवर त्याने बारा व्होल्टची पट्टी, तिचा ॲडॉप्टर आणि तुम्हाला लागणार आहे हे तुम्हालाच माहीत नसलेला तिसरा भाग काउंटरवर ठेवलेला असतो. मग रविवारी मंगळवार पेठेत जुन्या बाजारात. तो रविवारी आणि बुधवारी भरतो. मंगळवार पेठेत मंगळवारी भरत नाही, यालाच पुणे म्हणतात. तिथे आम्हाला कुठल्याशा यंत्रावरची काट्याची मीटरं मिळाली. काटे हलत नव्हते. भाच्याला वाईट वाटलं. मला नाही. कप्तानाच्या खुर्चीवरचा काटा स्थिर असलेलाच बरा.

लाकडावरून तात्यांशी खरी चर्चा झाली. भाच्याने संगणकावर सगळ्या बाजूंनी फिरणारं चित्र करून आणलं होतं. तात्यांनी ते एकदा फिरवून पाहिलं, मग म्हणाले, "उलटं व्हऊ देऊ नका, म्हंजे मला माप घेता यील." त्यांचा पहिला आक्षेप पायांवर होता.

"हिला पाय न्हाईत?"

"एकच आहे तात्या. मधे. त्यावर ती फिरते."

"आवो, चार पायांच्या टिकंनात. एका पायाव कशी टिकायची?"

हे ते खुर्चीबद्दलच बोलत होते असं मी धरून चाललो.

दुसरा मुद्दा प्लायचा. भाच्याला स्वस्तातला चालला असता. तात्यांनी ठाम नकार दिला. मुळशीत राहून साधा प्लाय वापरायचा म्हणजे पावसाला जेवायला बोलावणं. इथून ताम्हिणी घाट जवळ. तिथला पाऊस महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या पावसांत मोजतात, आणि त्याचं उरलेलं सगळं आमच्याकडे येतं. आषाढात घरातले पापड लवतात, दरवाजे फुगतात, पुस्तकांना जाडी येते. तात्या म्हणाले, "सातशेधाच आना." सातशेदहा म्हणजे भारतीय मानकाचा आयएस ७१०, मरीन प्लाय, उकळत्या पाण्यातही थर न सुटणारा, नावांना वापरतात तो. भाचा म्हणाला, "पण मामा, अंतराळात पाऊस नसतो." तात्यांनी त्याच्याकडे मायेने पाहिलं. "तिथं जाईस्तवर हितंच ठिवायची हाय ना?"

सांगाड्याला पंचवीस मिलिमीटरचा चौकोनी लोखंडी पाइप, पिरंगुटच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून टाके मारून आणला. पिरंगुट-उरवड्याच्या पट्ट्यात इतके कारखाने आहेत, की कुणाच्या ना कुणाच्या दुकानात हवा तो तुकडा उरलेला असतोच. गादी शिवली रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्याने. मूळ खुर्चीलाही काळं कृत्रिम चामडंच होतं, तेव्हा रेक्झिन हा अपमान नव्हे, परंपरा आहे. त्याने विचारलं, "पाठीमागं काय लिवायचं? आईचा आशीर्वाद टाकू?" भाचा नको म्हणाला. मला अजून वाटतं, टाकायला हवं होतं. इतक्या लांबच्या प्रवासाला ते बरं.

मापं मात्र माणसाच्याच देहाची ठेवावी लागली, मग शतक कुठलंही असो. बैठक जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास, पाठ काटकोनापेक्षा थोडी मागे, कोपर टेकतील इतक्या उंचीवर हात. मूळ खुर्ची या बाबतीत अगदीच गैरसोयीची होती. पाठ आखूड, आणि पट्टा नाहीच. यानावर मारा झाला, की सगळी नटमंडळी ठरल्या बाजूला एकदम कलत आणि एखाद-दुसरा खुर्चीतून गडगडत खाली येई. १९७९ च्या सिनेमात शेवटी मांडीवर मिटणारे हात बसवले, म्हणजे तेरा वर्षांनी सुरक्षेचा विचार झाला. पीएमटीच्या मानाने हे लवकरच म्हणायचं.

काम चालू असताना वीज जायची. पाऊस सुरू झाला, की इथे ती जातेच. सोसाट्याचं वारं, तारांवर फांदी, ठरलेलं आहे. ड्रिल मधेच थांबायचं, आणि आम्ही मग पडवीत बसून बोलायचो. अशाच एका खंडात तात्यांनी भाच्याला विचारलं, की तुमचं हे यान विजेवर चालतं का. तिथून बोलणं धरणावर गेलं. ते जाणारच. मुळशीत विजेबद्दल बोलायला बसलं आणि धरणावर गेलं नाही, असं होत नाही.

मुळशीचं धरण गेल्या शतकाच्या विसाच्या दशकातलं, टाटांचं. मुळा नदी स्वभावाने पूर्वेची. तिचं पाणी भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जायचं. ते अडवून, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेऊन, पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याला आपटायचं आणि त्यातून वीज काढून मुंबईला पाठवायची, अशी ती योजना. भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून चालतं आहे. त्या काळात हे विज्ञानकथेहून कमी नव्हतं. नदीला मागे वळवायचं आणि पाण्याचा दिवा करायचा! फक्त त्या कथेच्या तळाशी गावं होती, आंबेमोहराची खाचरं होती. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्याबरोबर मावळे सत्याग्रहाला बसले ते इथेच. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी मुळशीनेच दिली. धरणग्रस्तांच्या जगातल्या पहिल्या लढ्यांपैकी एक म्हणून आता त्याचं नाव घेतात. धरण झालंच. मुंबईत दिवे लागले, गिरण्या चालल्या.

तात्यांच्या आजोबांचं खाचर त्या पाण्याखाली आहे. ते हे रागाने सांगत नाहीत. 'अमुक झाडापाशी डावीकडे' असं सांगावं तसं पाण्याकडे हात करून सांगतात. "तवापासनं लोक हिकडं कायतरी नवं करायला येत्यात," ते म्हणाले आणि रंध्याची पात घासू लागले. मला वाटतं त्यांच्या मनात बरंच काही असावं. धरणानंतर कारखाने आले. मग डोंगरात इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर लवासा आलं, आलं ते अर्धं येऊन थांबलं. काचेच्या इमारतींचं हिंजवडीही आलं. प्रत्येक वेळी भविष्यकाळाचा नकाशा कुणीतरी बाहेरून गुंडाळी करून आणला आणि मुळशीत उलगडला. नकाशात नदी होती, डोंगर होता, रस्ता होता. तात्यांना त्यात कुठे बसायचं ते दाखवलेलं नव्हतं.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग त्याने हळूच विचारलं, "तात्या, तुम्ही बसून बघणार का आधी?" वीज आली नव्हती, रंग झाला नव्हता, हात लागले नव्हते. तात्या बसले. एकदा डावीकडे फिरले, एकदा उजवीकडे. "करकरतीय," ते म्हणाले आणि उठून ग्रीस आणायला गेले.

अशा खुर्चीची हौस कुणाला असते, असा प्रश्न मला बऱ्याच शहाण्या माणसांनी विचारला. त्यांना मी स्टीफन हॉकिंग यांची गोष्ट सांगतो. १९९३ साली 'स्टार ट्रेक'च्या पुढच्या मालिकेत हॉकिंग स्वतःच्याच भूमिकेत आले. न्यूटन आणि आइन्स्टाइन यांच्याशी पत्ते खेळण्याचा प्रसंग होता. त्या वेळी त्यांना यानाचा सगळा सेट फिरवून दाखवला. कप्तानाच्या खुर्चीपाशी आल्यावर त्यांनी तीत बसायची इच्छा सांगितली आणि त्यांना उचलून तीत बसवलं. आता गंमत पाहा. ज्या चाकांच्या खुर्चीतून त्यांना उचललं, ती खरी. तिच्यावर संगणक होता, बोटाच्या किंचित हालचालीने तो शब्द निवडायचा, यंत्राच्या आवाजात ते शब्द बोलायचा. त्याच खुर्चीतून त्या माणसाने कृष्णविवरांचा हिशोब जगाला सांगितला. २००१ च्या जानेवारीत ती मुंबईतही येऊन गेली. कुठल्याही विज्ञानकथेतल्या आसनापेक्षा ती पुढची होती. तिच्यात बसलेल्या माणसाला बसावंसं वाटलं ते प्लायच्या, खोट्या बटणांच्या खुर्चीत.

केंब्रिजमध्ये हॉकिंग आले तेव्हा आपले जयंत नारळीकर तिथेच होते, फ्रेड हॉयल यांच्या हाताखाली. हॉयल मोठे शास्त्रज्ञ आणि विज्ञानकादंबरीकारही. ती लागण शिष्याला झाली असावी. पण १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी पहिली कथा पाठवली तेव्हा ती स्वतःच्या नावाने पाठवली नाही. आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. बक्षीस जगतापांना मिळालं. नावाला एवढं वजन असलेल्या माणसाने आपली खुर्ची बाहेर ठेवून आत जावं आणि रांगेत उभं राहावं, हे मला त्यांच्या सिद्धांतांपेक्षा सहज कळतं. भोजराजाऐवजी ते त्या सिंहासनापाशी गेले असते, तर पुतळ्यांचा निम्मा वेळ वाचला असता.

खुर्ची पुरी झाली. राखाडी रंग, काळी गादी, हातांखाली खोकी, खोक्यांवर बटणं. बटणं निरनिराळ्या कुळांतली आहेत: दारावरच्या घंटेची, रिक्षाच्या हॉर्नचं एक, मिक्सरचा फिरवायचा खुंटा. दाबलं, की दिवे लागतात आणि कुठूनतरी 'टुंई' असा आवाज येतो. ती दिवाणखान्यात ठेवायची की पडवीत यावर मामीचा निकाल लागला: "अहो, घरात माणसं दोन आणि बसायच्या जागा नऊ. दहावी पडवीत." मीही पडवीत बसू लागलो.

आणि तिथे कळलं, की या खुर्चीत बसल्यावर काय करायचं हा प्रश्न कुणी सोडवलेला नाही. कर्कसमोर मोठा पडदा असे आणि पडद्यात तारे. माझ्यासमोर जास्वंद, कुंपण आणि पलीकडे चांदणी चौकाकडून येणारी वाहनं. आज्ञा द्यावी तर कुणाला? एकदा मी उगाच गंभीर आवाजात "पुढे चला" म्हणालो, तर आंबेगावला जायचा रस्ता विचारायला थांबलेला दुचाकीवाला दचकून खरोखरच पुढे गेला. साधारण चार वाजता चहाची आज्ञा देऊन पाहिली. ती यानाच्या कुठल्याच विभागापर्यंत पोहोचली नाही.

पाहुणे मात्र वाढले. पोस्टमन पत्र देता देता एक चक्कर फिरून जातो. शेजारच्या आजी बसल्या आणि म्हणाल्या, "गुडघ्याला बरी हाय, उंच हाय." अंतराळयानाच्या आसनाचं एवढं व्यवहारी मूल्यमापन मी कुठे वाचलेलं नाही. एका ओळखीच्या पुढाऱ्यांनी मात्र लांबूनच पाहिलं. बसा म्हटलं तर म्हणाले, "नको, फोटो निघतो."

मग गणपतीच्या आधी गावातल्या मंडळाची पोरं आली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि महिनाभरात गणपती आले, तेव्हापासून देखाव्यांत अंतराळ शिरलं आहे. त्या वर्षी गल्लोगल्ली थर्माकोलचे चंद्र आणि त्यांवर उतरणारे विक्रम लँडर होते. आमच्या मंडळाला यंदा यानच करायचं होतं. बाप्पा कप्तान, उंदीर चालक. मूर्ती साडेतीन फुटी. पोरांनी टेपने बैठक मोजली, मागची पाठ मोजली आणि भाच्याला विचारलं, "दादा, सोंडेला अडचण नाही ना होणार?" भाचा आनंदाने वेडा झाला. त्याच्या सबंध नोकरीत त्याला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. मूळ आराखड्यात सोंडेचा विचार नव्हता हे त्याने कबूल केलं आणि उजवं खोकं दोन इंच बाहेर घ्यायचं ठरवलं. तात्या म्हणाले, पैसं नगं, पर माझं नाव पाटीव लिवा.

बटणांना नावं द्यायची राहिली होती. मूळ खुर्चीला ती असतात. एका भागात कर्कच्या हातापाशी पिवळा इशारा, लाल इशारा आणि यानाचा एक भाग तोडून अंतराळात सोडून द्यायचं बटण अशी तीन स्पष्ट दिसतात, आणि त्या तिसऱ्या बटणावरून त्याच्यावर खटलाही चालतो. हे मी पोरांना सांगितलेलं नव्हतं. त्यांनी आपसांत ठरवून पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या आणि मार्करने लिहिलं. पहिल्यावर 'आरती'. दुसऱ्यावर, बराच वाद होऊन, 'जनरेटर'. तिसरं, रिक्षाच्या हॉर्नचं मोठं लाल बटण, त्यांच्यातल्या सर्वांत लहान्याच्या वाट्याला आलं. त्याने जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर जपून 'विसर्जन' असं लिहिलं, आणि माझ्याकडे वळून दटावलं, "आजोबा, हे दहाव्या दिवसापर्यंत कुणीच दाबायचं नाही."